घरातील नोंद आणि यकृताचे संशोधन : पालक व डॉक्टर यांच्यासाठी

लहान मुलांमधील यकृताचे जीर्ण विकार संख्येने थोडे असले, तरी एकेका कुटुंबाला ते वर्षानुवर्षे गुंतवून ठेवतात. बेळगाव परिसरातील अशा मुलाला पुणे, मुंबई किंवा बंगळूर येथील मोठ्या केंद्रात न्यावे लागते. रात्रीचा बसप्रवास, बुडालेली मजुरी, शेजाऱ्यांकडे ठेवलेले धाकटे भावंड हे सारे उपचारासाठी पालक सोसतात. मात्र केवळ संशोधनात भाग घेण्यासाठी असा प्रवास वारंवार करणे फारच थोड्यांना जमते. त्यामुळे आजवरचे पुष्कळसे वैद्यकीय ज्ञान मोठ्या रुग्णालयांच्या आसपास राहणाऱ्या रुग्णांवरून गोळा झाले. जे आजार मुळातच दुर्मीळ आहेत, त्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण तेथे एकेका रुग्णाची माहिती मोलाची असते.

२०२० साली कोविडच्या साथीत रुग्णालयात जाणेच थांबले आणि या व्यवस्थेला पर्याय शोधणे भाग पडले. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत झाली. व्हिडिओ कॉलवरील तपासणी, गावातील प्रयोगशाळेत दिलेले रक्त, घरपोच येणारे औषध आणि मोबाइलवर भरायची प्रश्नावली यांचा संशोधनातही वापर वाढला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये अशा चाचण्यांसंबंधी अंतिम मार्गदर्शन प्रसिद्ध केले. यालाच 'दूरस्थ' किंवा 'विकेंद्रित' संशोधन म्हणतात.

"डॉक्टर, मोठ्या हॉस्पिटलातून फॉर्म आलाय, भरू का?" हा प्रश्न आता आपल्यासारख्या गावातल्या डॉक्टरांनाही विचारला जातो. त्याचे उत्तर देताना एक गोष्ट मनाशी स्पष्ट असावी. दूरस्थ संशोधनात पालक हाच मोजमापाचा काटा असतो. प्रयोगशाळेतील यंत्राची जशी नियमित पारख होते, तशी या काट्याची काळजी घेणारा माणूस त्या घराजवळ असावा लागतो, आणि तो बहुधा त्यांचा नेहमीचा डॉक्टर असतो. प्रस्तुत लेखाचा विषय एवढाच आहे.

पुण्याने शिकविलेला धडा

घर हे संशोधनाचे ठिकाण आहे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस' हे नाव आमच्या पिढीच्या बालरोगतज्ज्ञांना परिचित आहे. साधारण सहा महिने ते तीन-चार वर्षे वयाचे चिडचिडे मूल, फुगलेले पोट, हाताला कठीण लागणारे यकृत आणि त्याची पानासारखी धारदार कडा, असे त्याचे चित्र पाठ्यपुस्तकात असे. बहुतेक मुले निदानानंतर काही महिन्यांतच दगावत. त्यांच्या यकृतात तांब्याचे प्रमाण अतोनात वाढलेले आढळे. हे तांबे कोठून येते, हा प्रश्न होता.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे आणि ब्रिटनमधील डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. बाळाला फार लवकर सुरू केलेले आणि तांब्याचा अंश मिसळलेले वरचे दूध हे कारण असू शकेल, अशी मांडणी १९८३ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात झाली. १९८७ साली आजारी मुलांच्या आहाराचा इतिहास त्यांच्या जोडीच्या इतर मुलांच्या इतिहासाशी ताडून पाहणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील मुद्दे स्वयंपाकघरातले होते. वरचे दूध केव्हा सुरू केले, आणि ते कोणत्या भांड्यात तापविले व ठेवले? आजारी मुलांच्या घरी वरचे दूध लवकर सुरू झालेले आणि पितळी भांड्यांचा वापर अधिक, असे दिसून आले. दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवते, त्यामुळे पितळी भांड्यातले दूध तांबे सहज उचलते. आपल्या आज्या पितळी पातेल्यांना वेळच्या वेळी कल्हई करून घेत. ती उडाली की दूध सरळ पितळेला लागे. ऑस्ट्रियातील टायरोल प्रांतातही तांब्याच्या भांड्यातील दुधाशी निगडित असाच बालयकृतविकार होऊन गेल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले.

पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि विसावे शतक संपता संपता हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. तांबे हेच एकमेव कारण, की त्याला आनुवंशिक दुबळेपणाचीही जोड होती, याविषयी अभ्यासकांत मतभेद राहिले. पण आपल्या विषयापुरता धडा स्पष्ट आहे. यकृताच्या तुकड्यात तांबे दिसले सूक्ष्मदर्शकाखाली, आणि ते कोठून आले याचा माग लागला तो आईच्या सांगण्यातून.

या पद्धतीत एक अडचण मात्र असतेच. आजारी मुलाची आई महिन्यांपूर्वीच्या गोष्टी आठवून सांगते. जिचे मूल गंभीर आजारी आहे, ती आपल्या हातून काय घडले हे पुन्हा पुन्हा आठवत बसते. निरोगी मुलाच्या आईला तसे कारण नसते. म्हणून दोघींच्या आठवणींचे वजन सारखे धरता येत नाही. हा स्मरणदोष टाळण्याचा खात्रीचा उपाय एकच, तो म्हणजे घडले त्याच दिवशी केलेली नोंद.

शीचा रंग : आईची नजर

दुसरे उदाहरण तैवानचे आहे. 'बिलिअरी अॅट्रेशिया' या विकारात नवजात बाळाच्या यकृताबाहेरील पित्तनलिका बंद होत जातात. पित्त आतड्यात उतरत नाही, म्हणून शी पांढुरकी होते. जपानचे डॉ. मोरिओ कासाई यांनी १९५९ साली वर्णन केलेली शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितका यशाचा संभव अधिक. साधारणपणे ६० दिवसांच्या आत ती व्हावी असा प्रयत्न असतो. पण "काविळीचे काय, उन्हात धरा, जाईल" या सल्ल्यात हेच दिवस निघून जातात.

तैवानमध्ये शीच्या रंगांची छापील पत्रिका आधी काही ठिकाणी वापरून पाहिली गेली आणि २००४ पासून ती देशभर प्रत्येक बाळाच्या आरोग्यपुस्तिकेत आली. आईने रंग ताडून पाहायचा आणि शंका वाटल्यास कळवायचे. ६० दिवसांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या बाळांचे प्रमाण २००४ साली ६० टक्के होते, ते २००५ साली ७४.३ टक्के झाले. ही माहिती कोण्या यंत्राने मिळविलेली नव्हती. ती दुपटे बदलणाऱ्या आयांनी दिली होती.

जाता जाता वाचकांसाठी एक सूचना : बाळाची कावीळ १४ दिवसांनंतरही टिकली, अथवा शी पांढुरकी वा मातकट-फिकट दिसली, तर 'डायरेक्ट बिलिरुबिन'ची तपासणी त्वरित करून घ्यावी. त्यासाठी आठवडाभरही थांबू नये.

कंड : रात्रीची नोंद

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. काही जन्मजात विकारांत पित्त यकृतातच अडते आणि पित्ताम्ले रक्तात वाढतात. 'प्रोग्रेसिव्ह फॅमिलियल इन्ट्राहिपॅटिक कोलेस्टेसिस' (संक्षेपाने पीएफआयसी) आणि 'अलाजिल सिंड्रोम' ही त्यांची नावे. या मुलांना सर्वाधिक छळते ती कंड. मूल रात्र-रात्र झोपत नाही, कान व पाय रक्त येईपर्यंत खाजवते, आणि त्याच्याबरोबर सारे घर जागे राहते. केवळ कंड असह्य झाली म्हणून यकृतप्रत्यारोपणाचा विचार करावा लागतो, एवढी ती तीव्र असू शकते.

आतड्यातून पित्ताम्लांचे पुनर्शोषण रोखणारी दोन औषधे, ओडेव्हिक्सिबॅट व मॅरॅलिक्सिबॅट, २०२१ साली अमेरिकेत अनुक्रमे पीएफआयसी व अलाजिल सिंड्रोममधील कंडेसाठी मान्य झाली. त्यांच्या चाचण्यांची रचना पाहण्यासारखी आहे. मॅरॅलिक्सिबॅटच्या एका चाचणीत अलाजिल सिंड्रोमची ३१ मुले होती. सर्वांना १८ आठवडे औषध दिल्यावर पुढचे ४ आठवडे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निवड करून काहींना औषध आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित मात्रा, म्हणजे प्लॅसिबो, दिली गेली. आपल्या मुलाला काय मिळते आहे हे पालकांना ठाऊक नव्हते. प्लॅसिबो मिळालेल्या मुलांची पित्ताम्ले पुन्हा वाढली आणि कंडही परतली. ओडेव्हिक्सिबॅटच्या चाचणीत ६२ मुले २४ आठवडे सहभागी होती.

या चाचण्या पूर्णतः दूरस्थ नव्हत्या. ठरावीक काळाने रुग्णालयात जावे लागत होते. परंतु कंडेचे मोजमाप घरातच झाले. पालकांनी सकाळी एकदा व संध्याकाळी एकदा, इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत ० ते ४ या श्रेणीत, खाजवण्याची तीव्रता लिहिली. म्हणजे शेवटी औषधाचा निवाडा ज्या आकड्यांवर झाला, त्यांतला एक मोठा भाग आईबापांनी रात्री जागून लिहिलेला होता.

येथे आपल्या भाषेतील एक भेद उपयोगी पडतो. 'कंड सुटणे' हा मुलाचा अनुभव आहे; 'खाजवणे' ही पालकाला दिसणारी क्रिया. लहान मूल आपला अनुभव सांगू शकत नाही, म्हणून नोंदवहीत विचारलेले असते ते खाजवणे. "त्याला फार त्रास होत असेल" हा अंदाज झाला. "रात्री दोनदा उठून पाय खाजवले, चादरीवर रक्ताचे डाग होते" ही नोंद झाली. पालकांना हा फरक पहिल्याच दिवशी समजावून द्यावा.

एका घरातील अनुभव

माझ्याकडे येणाऱ्या एका बालकाच्या बाबतीत दूरच्या एका केंद्राने अशी दैनंदिन नोंद सुरू केली होती. संमतिपत्र इंग्रजीत आले होते. आईचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालेले, वडिलांना कन्नड व मराठी दोन्ही येत असे. मी केंद्राला पत्र पाठवून मराठी प्रत मागविली. त्यांच्या नीतिसमितीची मान्यता मिळून ती येईपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर सही करू नका, असे मी कुटुंबाला सांगितले. कर्नाटक, गोवा, गुजरात वा मध्य प्रदेशात राहणाऱ्या आपल्या लोकांना हा मुद्दा विशेष लागू आहे. राज्याची भाषा बाजारापुरती येणे निराळे आणि मुलाच्या रक्ताविषयीचा करार त्या भाषेत समजणे निराळे. समजेल त्या भाषेत माहिती मिळणे हा सहभागी होणाऱ्याचा हक्क आहे. तो मागण्यात संकोच नसावा.

नोंद सुरू होऊन महिना झाल्यावर आई म्हणाली, "रोज तेच की ओ डॉक्टर, काय लिहायचं? आणि खाज वाढली म्हणून लिहिलं तर ते लोक नाराज होऊन औषध बंद करतील काय?" वडिलांनी सांगितले, की चुकलेल्या रात्री ते रविवारी सकाळी एकदम आठवून भरतात, म्हणजे वही रिकामी दिसत नाही.

दोघांचाही हेतू चांगला होता. मोठ्या डॉक्टरांसमोर "बरं आहे" म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि अपुरी वही दाखविण्याची लाज वाटते. मी त्यांना सांगितले, "ताई, रोज तेच असेल तर रोज तेच लिहा. चार रात्री सारख्या गेल्या, हीसुद्धा माहितीच आहे. खाज वाढली हे लपवलं, तर गुण नसलेलं औषध गुणकारी ठरेल आणि ते उद्या दुसऱ्या शंभर मुलांना दिलं जाईल. तुमच्या बाळालाही जे हवं ते मिळणार नाही." वडिलांना म्हटले, "चुकलेली रात्र कोरी सोडा. कोरी जागा खरी असते. आठवून भरलेला आकडा अंदाजाचा असतो, आणि तो अंदाज आहे हे पुढे कोणालाच कळत नाही." केंद्राला फोन करून, आधी भरलेल्या कोणत्या तारखा आठवणीतल्या आहेत हेही त्यांनी माझ्यासमोरच कळविले. केंद्राने आभार मानले व त्या नोंदींवर तशी खूण केली. औषध बंद झाले नाही. होईल ही भीतीच निराधार होती. तरी ती भीती त्यांनी केंद्राला बोलून दाखविली नव्हती, मला दाखविली. आपले महत्त्व तेवढ्यात आहे.

होकार देण्यापूर्वी

पालकांनी पुढील प्रश्न कागदावर लिहून घ्यावेत व त्यांची उत्तरे मागावीत.

१. ही केवळ माहितीची रुग्णनोंद आहे की औषधाची चाचणी? रुग्णनोंदीत उपचार बदलत नाहीत. तरीही तिचे मोल मोठे असते. अलाजिल सिंड्रोमच्या एका आंतरराष्ट्रीय नोंदीतून १,४३३ मुलांची माहिती २०२३ साली एकत्र मांडली गेली. त्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलेच स्वतःच्या यकृतासह अठराव्या वर्षापर्यंत पोचतात असा निष्कर्ष निघाला. एकट्या कोणत्याही रुग्णालयाला हे कळणे शक्य नव्हते.

२. चाचणी असल्यास प्लॅसिबो मिळण्याची शक्यता आहे का? संशोधन म्हणजे हमखास उपचार, असा समज करून घेऊ नये. ज्या प्रश्नाचे उत्तर ठाऊक नाही, तोच संशोधनाला घेतात.

३. नीतिसमितीची मान्यता आहे का? चाचणी 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया'मध्ये नोंदली आहे का? ही नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि १५ जून २००९ पासून औषधचाचण्यांसाठी बंधनकारक झाली. नोंदणी क्रमांक मागावा. ती माहिती कोणालाही पाहता येते.

४. मुलाला विचारले आहे का? भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलाची तोंडी आणि १२ ते १८ वर्षांच्या मुलाची लेखी अनुमती घ्यावी लागते. पालकांची संमती त्याव्यतिरिक्त आवश्यक आहे.

५. रक्त किती वेळा, किती व कोठे द्यायचे? खर्च कोण करणार? इजा झाल्यास काय? 'नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, २०१९' यांत चाचणीमुळे झालेल्या इजेसाठी मोफत उपचार व भरपाईची तरतूद आहे.

६. माहिती कोण पाहणार? मुलाच्या अंगावरील ओरखड्यांची छायाचित्रे केवळ केंद्राने दिलेल्या मार्गानेच पाठवावीत. नातेवाइकांच्या वा परिचितांच्या व्हॉट्सअॅप गटावर ती टाकू नयेत.

७. मधेच बाहेर पडता येईल का? उत्तर 'होय' असलेच पाहिजे, आणि त्यामुळे नेहमीच्या उपचारात खंड पडता कामा नये.

गावातील डॉक्टरांचे काम

आपण त्या अभ्यासाचे संशोधक नसलो, तरी आपल्यावाचून तो नीट होत नाही. प्रत्येक वेळी त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत वजन घ्यावे. उंचीही एकाच पद्धतीने मोजावी. लसीकरण पूर्ण ठेवावे. पित्त अडलेल्या मुलांत अ, ड, ई व के ही जीवनसत्त्वे कमी पडतात, त्यांची आठवण ठेवावी. नाकातून रक्त येणे किंवा सहज व्रण उठणे याकडे दुर्लक्ष करू नये. वर उल्लेखिलेल्या औषधांनी जुलाब होऊ शकतात. तान्ह्या मुलात त्याचे शुष्कतेत रूपांतर व्हायला वेळ लागत नाही.

आपण दिलेले प्रत्येक औषध, मग ते तापाचे असो वा खोकल्याचे, पालकांच्या वहीत तारखेसह लिहावे. घरी चालू असलेला काढा वा पुडी यांचीही न रागावता चौकशी करावी. रागावले की ती चालूच राहते, फक्त आपल्याला सांगितली जात नाही. मूल गंभीर आजारी होऊन दाखल झाले, तर केंद्राला त्याच दिवशी फोन करावा. गंभीर प्रतिकूल घटनेची माहिती संशोधकाने २४ तासांच्या आत पुढे कळविणे नियमाने आवश्यक आहे, आणि आपण गप्प राहिलो तर त्याला ती कळण्याचा मार्गच नसतो.

या पद्धतीच्या मर्यादाही विसरू नयेत. यकृताची कडा व्हिडिओ कॉलवर हाताला लागत नाही; प्लीहा किती वाढली, पोटात पाणी झाले का, हे प्रत्यक्ष हात ठेवूनच पाहावे लागते. एंडोस्कोपी व बायोप्सी यांना पर्याय नाही. शिवाय ज्या घरी स्मार्टफोन नाही अथवा डोंगरातल्या वाडीवर रेंज नाही, ते मूल या नव्या व्यवस्थेतूनही सुटते. अशा कुटुंबासाठी आठवड्यातून एकदा आपल्या दवाखान्यात बसून फॉर्म भरण्याची सोय करता येईल. कागदी वही चालेल का, हेही केंद्राला विचारता येईल. एका खुर्चीचे आणि पंधरा मिनिटांचे हे काम आहे.

समारोप

पितळी पातेल्याचा प्रश्न सुटला तेव्हा कित्येक घरांत त्याचे उत्तर उशिरा पोचले होते. ज्या आयांनी माहिती दिली, त्यांतल्या अनेकींच्या मुलांना तिचा लाभ झाला नाही. तो पुढच्या पिढीला झाला. आजही संशोधनात भाग घेणाऱ्या पालकांना आपण हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, की तुमच्या नोंदीचे फळ तुमच्याच मुलाला मिळेल असे नाही. हे ऐकूनही 'हो' म्हणणारे आईबाप भेटतात, तसे 'नाही' म्हणणारेही भेटतात. दोघांचाही मान सारखाच राखावा. जे 'हो' म्हणतील, त्यांची रोजची नोंद खरी राहावी आणि त्या काळात त्यांचे मूल सुरक्षित राहावे, एवढे पाहणे आपल्या हातात आहे.